रेघ दिसली पाहिजे

वाचकहो, या महिन्यात आम्ही एका अगदी बारीक गोष्टीबद्दल लिहिणार आहोत. संगणकावर एक्सेलसारखा तक्ता उघडला की चौकटी-चौकटींचं एक फिकट जाळं दिसतं. त्या जाळ्यातल्या रेघेबद्दल. रेघेबद्दल काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण या रेघेपायी आमच्या शाळेतल्या एक वडीलधाऱ्या आपा निवृत्तीच्या आधीच घरी बसायला निघाल्या होत्या. त्यात आमचाही हात होता, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

या आपांनी आम्हाला चौथीत शिकवलं. आता आम्ही त्यांच्याच शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, एकाच स्टाफरूममध्ये चहा पितो, तरी त्या आल्या की पाय आपोआप उभं राहतात. त्यांचा कॅटलॉग म्हणजे पाहण्याची चीज. जूनमध्ये नवा कॅटलॉग हाती पडला की आपा पट्टी आणि निळं पेन घेऊन बसत. रकाने छापलेले असले तरी दर पाच नावांनंतरची रेघ त्या स्वतः जाड करत. हे कशासाठी, असं आम्ही एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "डोळ्याला थांबा लागतो, बेटा. एस.टी.ला लागतो तसा."

दोन वर्षांपूर्वी ठरलं की यापुढे निकालाचे तक्ते प्रत्येक वर्गशिक्षकाने संगणकावरच भरायचे. आपांनी कुरकुर केली नाही. त्या शिकल्या, वहीत टिपणं काढली, एकेका बोटाने का होईना, पण भरू लागल्या. आणि पहिल्याच सत्राच्या निकालात घोळ झाला.

वर्गात ४६ मुलं. १७ नंबरची मुलगी गणिताच्या पेपरला आलेली नव्हती. तिचा खाना मोकळा सोडायचा होता. तो सुटला नाही. १८ नंबरचे गुण १७ च्या खान्यात पडले, १९ चे १८ मध्ये, आणि तिथून खाली सगळी रांग एकेक घर वर सरकली. पेपरला न बसलेली मुलगी पास झाली आणि ४६ नंबरच्या मुलाचा खाना कोरा राहिला. तक्ते एकत्र करण्याचं काम आमच्याकडे होतं. तो कोरा खाना पाहून आम्ही कुणालाही न विचारता तिथे 'गैरहजर' असं लिहून टाकलं. चूक आपांकडून सुरू झाली, पण तिच्यावर शिक्का आम्ही मारला.

निकाल वाटला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका मुलीचे अब्बा शाळेत आले. रिक्षा चालवतात. दारातच चप्पल काढून उभे राहिले आणि आपांना म्हणाले, "आपा, माझी पोरगी खोटं बोलत नाही. ती म्हणते, तिला पन्नासपैकी एक्केचाळीस मिळालेत, पेपर तिने स्वतः पाहिलाय. कागदावर चौदा आहेत. रात्रभर जेवली नाही." उत्तरपत्रिका काढली. एक्केचाळीसच होते. चौदा तिच्या खालच्या नंबरच्या मुलाचे होते.

तीस मुलांचे निकाल परत छापले. त्यानंतर स्टाफरूममध्ये जे व्हायचं ते झालं. आपांना परत रजिस्टरच द्या, असं कुणी तरी म्हणालं आणि हशा पिकला. आम्हीही हसलो. मग मोठ्या भल्या मनाने आम्ही आपांना सांगितलं, "आपा, पुढच्या वेळी तुम्ही नुसतं वाचून दाखवा, भरायचं आम्ही बघतो." आम्हाला वाटलं, आपण फार खिदमत केली. आठवड्याभराने कळलं की आपांनी कार्यालयातून स्वेच्छानिवृत्तीचा नमुना मागवलाय. अवघं एक वर्ष राहिलं होतं. आम्ही धावत गेलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "पस्तीस वर्षं माझ्या कॅटलॉगवर खाडाखोड नाही. आता माझ्याच वर्गाचा निकाल तुझ्या हातून जाणार असेल, तर मी तिथे कशाला?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर सापडलं ते आमच्या विसराळूपणामुळे. एके दिवशी आमची चाळिशी घरी राहिली. आपांच्या वर्गाचा तक्ता तपासायचा होता, म्हणून त्यांच्याच संगणकावर बसलो. पडदा जुना, खिडकी पश्चिमेची, दुपारचे साडेतीन. आणि समोर पांढरा शुभ्र पडदा, त्यावर तरंगणारे आकडे. रेघा नाहीत! डोळे किलकिले केले, मान पुढे घेतली, तेव्हा कुठे राखाडी धुरासारखं काही तरी दिसलं. नाव डावीकडे, गुण उजवीकडे आठ रकाने सोडून; मधल्या वाटेत नजर कुठल्या ओळीवरून कुठल्या ओळीवर घसरते ते कळेना. आम्ही पाच गुण भरून पाहिले. त्यातला एक चुकीच्या ओळीत गेला.

आमचं वय चव्वेचाळीस. आपा सत्तावन्नच्या. इतके दिवस आम्ही समजत होतो की आपांना संगणक जमत नाही. आपांना फक्त रेघ दिसत नव्हती, आणि ती दिसत नाही हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. जे दिसतच नाही ते दिसत नाही असं माणूस कसं सांगणार? त्यांना वाटायचं, संगणकावर रेघा अशाच असतात. बाकीच्यांना जमतं, आपल्यालाच जमत नाही.

आता ही रेघ काय चीज आहे ते सांगतो. तिला ग्रिडलाइन म्हणतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरात जुन्या हस्तलिखितांचा किंवा किताबतीचा वारसा आहे, त्यांना हे लगेच समजेल. पूर्वीचे कातिब लिहायला बसण्याआधी मिस्तर वापरत. मिस्तर म्हणजे एका पुठ्ठ्यावर सारख्या अंतराने ताणून बसवलेले दोरे. त्यावर कागद ठेवून बोटाने दाबत गेलं की कागदावर ओळींचे ठसे उमटत. शाईचा टिपूस नाही, नुसता दबलेला ठसा. कातिबाला तो दिसायचा, त्याच्या आधाराने तो सरळ लिहायचा. वाचणाऱ्याला ओळ सरळ दिसायची, ठसा सहसा ध्यानात यायचा नाही. मजकूर लिहून झाला की त्याच्या चहूबाजूंनी शाईने किंवा सोनेरी रंगाने जी चौकट आखत, ती जदवल. ती मात्र वाचणाऱ्यासाठी.

संगणकाच्या तक्त्यातही हेच दोन प्रकार आहेत. ग्रिडलाइन म्हणजे मिस्तर. ती भरणाऱ्याच्या सोयीसाठी पडद्यावर दिसते आणि आपण वेगळं सांगितलं नाही तर कागदावर छापून येत नाही. बॉर्डर म्हणजे जदवल. ती आपण मुद्दाम आखतो, ती तक्त्याचा भाग होते आणि छापूनही येते. हा फरक ध्यानात आला की पुढचं सगळं सोपं आहे.

स्प्रेडशीट हा शब्दही संगणकाच्या आधीचा आहे. हिशेबनीस मंडळी वही उघडून दोन्ही पानांवर पसरलेला एकच रुंद तक्ता आखत, तो स्प्रेडशीट. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क नावाचा कार्यक्रम अ‍ॅपल टू या संगणकासाठी आणला आणि तो तक्ता पडद्यावर आला. त्यात वर अक्षरं आणि डावीकडे आकडे होते, पण खान्यांमध्ये रेघा नव्हत्या. एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आलं. आज त्याच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात. एवढ्या मैदानात वाट चुकू नये म्हणून ही रेघ. ती फिकट ठेवतात यालाही कारण आहे: रेघ गडद असली तर आकडे तिच्यात हरवतात. पण किती फिकट हे कुणी तरी सगळ्यांसाठी एकदाच ठरवून दिलेलं असतं. ते आपल्या डोळ्यांना, आपल्या पडद्याला, आपल्या खिडकीतल्या उन्हाला जुळेलच असं नाही. आणि ते बदलता येतं. ही शेवटची गोष्ट आमच्या अख्ख्या स्टाफरूममध्ये कुणालाच माहीत नव्हती.

विंडोजवर बसवलेल्या एक्सेलमध्ये हे असं करायचं. वर डाव्या कोपऱ्यात 'फाइल', मग तळाशी 'ऑप्शन्स'. जी खिडकी उघडते तिच्यात डावीकडे 'अ‍ॅडव्हान्स्ड'. आता उजवी बाजू खाली सरकवत न्या. अर्ध्याहून खाली गेलं की 'डिस्प्ले ऑप्शन्स फॉर धिस वर्कशीट' असा मथळा येतो आणि शेजारी पानाचं नाव असतं. त्याखाली 'शो ग्रिडलाइन्स' यापुढे बरोबरची खूण आहे ना, ते पाहा. त्याच्याच खाली 'ग्रिडलाइन कलर'. तिथला रंग निवडा, 'ओके' म्हणा, झालं. परत पहिल्यासारखं हवं असेल तर रंगांच्या यादीत सर्वांत वर 'ऑटोमॅटिक' आहे.

रंग कोणता घ्यावा? एकदम काळा नको. काळी रेघ आणि काळा आकडा शेजारी आले की १ आणि रेघ यांत फरक उरत नाही. मध्यम गडद राखाडी किंवा निळा चांगला. काही जणांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, म्हणून रंगाच्या नावापेक्षा तो पांढऱ्यावर किती गडद दिसतो ते पाहावं. आणि ज्याला वापरायचाय त्यालाच निवडू द्यावा. आपांनी निळा निवडला, त्यांच्या पेनासारखा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एक्सेलमध्ये हा रंग त्या एका पानापुरता असतो. त्याच फाइलमध्ये नवं पान घेतलं की तिथे पुन्हा फिकट रेघा. यावर सोपा उपाय असा, की रंग दिलेल्या पानाचीच नक्कल काढायची. खाली पानाच्या नावावर माउसचं उजवं बटण, 'मूव्ह ऑर कॉपी', मग 'क्रिएट अ कॉपी'. नकलेत रंग कायम राहतो. फायदा असा की हा रंग फाइलबरोबर प्रवास करतो. आपांनी शाळेत भरलेली फाइल घरच्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडली तरी रेघ निळीच दिसते.

दर वेळी नव्या फाइललाही आपलाच रंग हवा असेल तर थोडी मेहनत आहे, पण एकदाच. कोरी फाइल घ्या, रंग द्या, अक्षरांचा आकार वाढवायचा तर तोही वाढवा. मग 'सेव्ह अ‍ॅज' करताना प्रकार 'एक्सेल टेम्प्लेट' निवडा आणि नाव इंग्रजीत 'बुक' एवढंच ठेवा. ही फाइल 'एक्सएलस्टार्ट' नावाच्या फोल्डरात ठेवायची. ते फोल्डर आपल्या नावाच्या फोल्डरात 'अ‍ॅपडेटा', त्यात 'रोमिंग', त्यात 'मायक्रोसॉफ्ट', त्यात 'एक्सेल', असं आत आत गेल्यावर मिळतं. 'अ‍ॅपडेटा' लपवलेलं असतं, म्हणून लपलेली फोल्डरं दाखवण्याची सोय आधी चालू करावी लागते. एक पानाची तशीच फाइल 'शीट' या नावाने तिथे ठेवली तर फाइलमध्ये घातलेलं नवं पानही त्याच रंगाचं येतं. आणि एक मेख. एक्सेल उघडल्यावर जो स्वागताचा पडदा येतो, त्यातल्या 'ब्लँक वर्कबुक'वर दाबलं तर जुनीच कोरी फाइल येते. कंट्रोल आणि एन ही बटणं एकत्र दाबून नवी फाइल घ्या, म्हणजे आपली येईल. किंवा 'ऑप्शन्स'मध्ये 'जनरल'खाली जाऊन तो स्वागताचा पडदाच बंद करा. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धा तास डोकं धरून बसलो होतो.

ज्यांच्याकडे लिबरऑफिस आहे, म्हणजे फुकट मिळणारं, त्यांच्यासाठी वाट वेगळी. 'टूल्स', मग 'ऑप्शन्स', त्यात 'लिबरऑफिस' या नावाखाली 'अ‍ॅप्लिकेशन कलर्स'. नव्या आवृत्त्यांत त्याला 'अपिअरन्स' म्हणतात. तिथल्या यादीत 'स्प्रेडशीट'खाली 'ग्रिड लाइन्स' आहे, त्याचा रंग बदला. इथे गंमत उलटी आहे. हा रंग त्या संगणकावरच्या सगळ्या तक्त्यांना लागतो, पण फाइल दुसरीकडे नेली तर बरोबर जात नाही. थोडक्यात, एक्सेलमध्ये रंग फाइलचा असतो, लिबरऑफिसमध्ये यंत्राचा. शाळेत किंवा घरात एकच संगणक चौघं वापरत असतील तर हे चौघांनी मिळून ठरवावं.

गूगल शीट्समध्ये रेघा दाखवता येतात किंवा लपवता येतात, 'व्ह्यू'मध्ये 'शो' आणि मग 'ग्रिडलाइन्स'. रंग बदलायची सोय नाही. तिथे 'फॉरमॅट'मधलं 'अल्टरनेटिंग कलर्स' वापरावं. एक ओळ पांढरी, एक हलक्या रंगाची, असा पट्टा तयार होतो आणि नजर त्यावरून सरळ जाते.

आता दोन खड्डे सांगतो. पहिला खड्डा छपाईचा. पडद्यावर निळ्या रेघा छान दिसल्या म्हणून आम्ही उत्साहाने तक्ता छापला, तर कागदावर नुसते आकडे, रेघ एक नाही. मिस्तर कागदावर येत नाही हे आम्हीच विसरलो. छापून हवी असेल तर 'पेज लेआउट'मध्ये 'ग्रिडलाइन्स' या शब्दाखाली 'व्ह्यू' आणि 'प्रिंट' अशा दोन चौकटी आहेत. 'प्रिंट'वर खूण करा. तरीही सहसा मजकूर जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच रेघा छापतात. सह्यांसाठी किंवा वर्गणीच्या नोंदीसाठी कोरा तक्ता हवा असेल तर बॉर्डर आखता येते. 'होम'मध्ये बॉर्डरचं चिन्ह आहे, त्यात 'ऑल बॉर्डर्स'.

दुसरा खड्डा रंग भरण्याचा. कधी कधी तक्त्याच्या मधल्याच तुकड्यातल्या रेघा गायब होतात. माणूस म्हणतो, संगणक बिघडला. बिघडलेलं काही नसतं. त्या खान्यांत कुणी पांढरा रंग भरलेला असतो, किंवा दुसरीकडून उचलून चिकटवताना तो बरोबर आलेला असतो. भरलेला रंग ग्रिडलाइन झाकून टाकतो. ते खाने निवडून 'होम'मधल्या रंगाच्या बादलीतून 'नो फिल' म्हटलं की रेघा परत येतात.

ओळ चुकू नये म्हणून आणखी दोन गोष्टी आहेत. एक, 'व्ह्यू'मधलं 'फ्रीझ पेन्स'. त्याने विद्यार्थ्यांची नावं डावीकडे जागच्या जागी राहतात, तक्ता कितीही उजवीकडे सरकवला तरी. दुसरी, नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं 'फोकस सेल'. त्याने आपण ज्या खान्यात आहोत त्याची पूर्ण ओळ आणि पूर्ण रकाना रंगून दिसतो. आपांची जुनी युक्तीही आम्ही तक्त्यात आणली. दर पाच नावांनंतर एक जाड बॉर्डर. डोळ्याला थांबा.

उर्दू माध्यमाच्या घरांसाठी एक खास गोष्ट. उर्दू नावांची यादी डावीकडून सुरू होणाऱ्या तक्त्यात भरली की सगळं उलटं वाटतं, अनुक्रमांक शेवटी आल्यासारखा. एक्सेलमध्ये उर्दू किंवा अरबी भाषा जोडलेली असेल तर 'पेज लेआउट'मध्ये 'शीट राइट-टू-लेफ्ट' असं बटण येतं. ते दाबलं की पहिला रकाना उजव्या हाताला येतो आणि तक्ता आपल्या रजिस्टरसारखा उजवीकडून डावीकडे चालू लागतो. आपांनी हे पाहिलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतं तर निम्मी भीती तेव्हाच गेली असती."

रेघ गडद झाली म्हणून डोळ्यांकडे दुर्लक्ष करायचं नाही, हेही आम्ही आपांना सांगितलं. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते, जवळचं वाचायला चष्मा लागतो, म्हणून तर त्या चष्म्याचं नाव चाळिशी. पण मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. त्यात भिंगच गढूळ होत जातं. अशा माणसाला तपासणीच्या तक्त्यावरची मोठी काळी अक्षरं बरीच वाचता येतात, आणि फिकट रंगावरचा फिकट रंग मात्र आधी नाहीसा होतो. समोरून प्रकाश आला की आणखी त्रास. खिडकीसमोरच्या पडद्यावर आपांचं हेच होत होतं. डॉक्टरांनी तपासलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली. म्हणजे संगणकावरची ती फिकट रेघ आम्हाला महिनाभर काही तरी सांगत होती आणि आम्ही ते आपांच्या वयावर ढकलून हसत होतो. संगणकाचं टेबलही आम्ही वळवलं. आता खिडकी बाजूला येते. त्याला एक पैसा लागला नाही.

दुसऱ्या सत्राचा निकाल आपांनी स्वतः भरला. आम्हाला जवळ बसू दिलं नाही. ४६ मुलं, आठ विषय. या वेळी दोन मुलं गैरहजर होती आणि त्यांचे खाने जिथल्या तिथे मोकळे होते. आमच्याकडे तक्ता आला तेव्हा आम्ही प्रत्येक कोऱ्या खान्याबद्दल आपांना जाऊन विचारलं, मगच 'गैरहजर' लिहिलं. त्या म्हणाल्या, "आता शिकलास का, बेटा?" स्वेच्छानिवृत्तीचा तो नमुना त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी एक्सेलची टिपणं काढली आहेत.

आणि ती एक्केचाळीस गुणांची मुलगी? निकालाच्या दिवशी आपांनी तिला संगणकापाशी बोलावलं, तिच्या नावावर बोट ठेवलं आणि ते बोट निळ्या रेघेवरून सरळ उजवीकडे नेऊन तिचे गुण तिलाच मोठ्याने वाचायला लावले. मग बाकीच्या मुलांनीही हट्ट धरला. त्या दिवशी सगळ्या वर्गाने आपापली रांग स्वतः वाचली.

वाचकहो, तुमच्याही घरी कुणी तरी असा तक्ता भरत असेल. अब्बा मोहल्ल्याच्या वर्गणीचा हिशेब ठेवत असतील, खाला बचत गटाची बही संगणकावर आणत असतील, अम्मी लग्नाच्या दावतची यादी करत असतील. त्यांची चूक झाली तर माउस त्यांच्या हातून काढून घेण्याआधी एकदा त्यांच्या खुर्चीवर बसा. चष्मा काढा. पडदा त्यांना जसा दिसतो तसा पाहा. आणि मग विचारा, "अम्मी, ही रेघ दिसते का तुम्हाला?"